स्तुतीची सुरुवात कुठून करावी?

प्रार्थनेला बसलीस की लगेच मागणं नको. आधी देव कसा आहे ते त्यालाच सांग. शब्द सुचत नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १०३ उघड. त्यातला 'मंदक्रोध' हा शब्द मला फार प्रिय. रागवायला सावकाश असा देव! हेच वर्णन बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात येतं, तेही इस्राएली लोक देवाऐवजी सोन्याच्या वासराची मूर्ती पुजू लागले, तरी त्यानं त्यांना सोडून दिलं नाही तेव्हा. एका दिवशी एकच गुण घे. त्यावर थांब.

स्तोत्र १३६ मोठ्यानं वाच. २६ ओव्या, आणि प्रत्येकीत त्याची दया सनातन असल्याचं पालुपद. कंटाळा येईल असं वाटतं, पण दहाव्या ओवीपर्यंत आवाज आपोआप स्थिरावतो.

मन जड असेल तेव्हा मात्र उसनं हसू आणू नकोस. स्तोत्र १३ 'कुठवर?' असंच विचारत सुरू होतं.