पाण्यापासून लांब राहा पोरी

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, घरी बनवून विकायच्या केसांच्या प्रॉडक्टची लिस्ट पण बघितली. तेल, शाम्पू, कोरफडीचं जेल, जास्वंदीचा मास्क, शिकेकाई पावडर आणि वर हेअर मिस्ट, म्हणजे केसांवर फवारायचं पाणी. सहा प्रॉडक्ट आणि किचन एक, त्यात आपल्या सोलापूरला नळाला पाण्याची ही बोंब. माझा मुलगा शेजारीच बसला होता, तो म्हणाला, "काय बे मम्मी, ही तर फॅक्टरीच काढायली की!" हसू नकोस, बरोबर बोलला तो.

माझं ऐकशील तर पहिलं वर्षभर फक्त तेल आणि शिकेकाईची कोरडी पावडर कर, बाकी सगळं खोड. कारण ज्यात पाणी आहे ते नासतं. कोरफडीचा गर काय, रिठ्याचं पाणी काय, दोन दिवसात वास मारतं, आणि प्रिझर्वेटिव्ह किती आणि कसं घालायचं हे शिकल्याशिवाय ते बाटलीत भरून लोकांच्या डोक्यावर घालायला द्यायचं नसतं. 'नॅचरल आहे, प्रिझर्वेटिव्ह नाही' असं लिहून मोकळं होणाऱ्या लै जणी बघितल्या मी.

तेलात पण पाणी लपून बसतंय बघ. माझीच गोष्ट सांगते. गौरीच्या आधी चाळीस बाटल्यांची ऑर्डर होती, संध्याकाळी बाटल्या धुतल्या, हवा दमट, मी वरवर पुसल्या आणि रात्री भरून टाकल्या. दहा-बारा दिवसांनी एका बाईनं बाटली परत आणली, तळाला पांढरं कापसासारखं काहीतरी आणि झाकण उघडलं की आंबूस वास. सगळ्या बाटल्या परत घेतल्या, पैसे दिले, आणि महिनाभर त्या गल्लीतून जायला लाज वाटत होती. तेव्हापासून बाटल्या दोन दिवस आधी धुते आणि उलट्या करून गच्चीवर उन्हात ठेवते. आपल्याकडं ऊन फुकट आहे, ते तरी वापर. माका, जास्वंद, कढीपत्ता मात्र सावलीत वाळव, चुरला की कुरकुर वाजला पाहिजे.

ओला माका वापरणार असशील तर जुनं प्रमाण आहे, एक भाग कल्क म्हणजे वाटलेला लगदा, चार भाग तेल, सोळा भाग रस, आणि मंद आचेवर सगळं पाणी उडेपर्यंत ढवळत बसायचं, मोबाईल बाजूला ठेवून. झालं का कसं कळणार? तेलावर फेस यायला लागतो. मग तळातला थोडा कल्क काढ, दोन बोटात वळून वात कर आणि जाळावर धर. तडतडली तर पाणी आहे अजून. गप जळली की गॅस बंद, पुढं ठेवलंस तर करपतंय.

नुसतं खोबरेल घेऊ नकोस. एकदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर टेबल लावलं होतं, जानेवारीतली थंडी, सगळ्या बाटल्या थिजून पांढऱ्या, आणि येणारी प्रत्येक बाई विचारायची, डालडा आहे का हो यात? आता निम्मं तिळाचं घालते.

शिकेकाई मात्र इथं खपेलच. बोअरचं पाणी जड, साबण लावला की केसावर चिकट थर बसतो, शिकेकाई-रिठ्याचा तसा बसत नाही. वस्त्रगाळ करून दे फक्त, नाहीतर केसात कचरा राहतो म्हणून बोंब होते. आणि रिठा असेल तर डोळ्यात जाऊ देऊ नका हे ठळक लिही.

'पंधरा दिवसात केसगळती बंद' हे लेबलवरून आजच काढ. रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी बायकांचे झुपकेच्या झुपके जातात आणि बहुतेकींचे वर्षाच्या आत आपोआप भरून येतात, त्याचं श्रेय आपल्या बाटलीनं घेऊ नये. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉईड असेल तर तिला डॉक्टरकडं पाठव, तेल नंतर विक.

आता कंटाळवाणं. विकण्यासाठी कॉस्मेटिक बनवायला लायसन्स लागतं, कॉस्मेटिक्स रूल्स 2020 खाली, अन्न व औषध प्रशासनाकडून. घरचं स्वयंपाकघर त्यात बसणं अवघड आहे, म्हणून लायसन्स असलेल्या युनिटमध्ये आपला माल बनवायचं 'लोन लायसन्स' असतं, त्याची चौकशी कर. लहान धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस.

आणि हिशोब! 120 रुपये किंमत ठेवलीस म्हणतेस. समज 100 मिलीला तेल 35, वनस्पती 12, बाटली-लेबल 14, गॅस 4, झाले 65. चाळीस बाटल्यांना तुझे दोन दिवस जातात, रोजचे पाचशे धरले तर बाटलीमागं 25 तुझी मजुरी. झाले 90. दुकानदार 30 टक्के मागणार म्हणजे 36 त्याचे, तुझ्या हातात 84. प्रत्येक बाटलीला सहा रुपये पदरचे घालून विकतेस तू, आणि वर मैत्रिणींना फुकट सॅम्पल!

रविवारी दुपारी ये. कढई माझी, तेल तू आण. बाटल्या शुक्रवारीच धुऊन उन्हात टाक, ओली दिसली तर दारातनं परत पाठवीन.

तुझी मावशी