दोन दिवसांची मुंबई, कमी खर्चात

पहिल्यांदाच येताय ना? मग यादी आधी निम्मी करा. जुहू, गेटवे, सिद्धिविनायक सगळं एकाच दिवसात कोंबलं की पैसे टॅक्सीत जातात आणि दिवस ट्रॅफिकमध्ये.

पहिला दिवस पूर्ण दक्षिण मुंबईला द्या आणि तो पायी फिरा. सीएसएमटी स्टेशनची इमारत बाहेरून निवांत बघा, मग फोर्टमधून हॉर्निमन सर्कल. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर जरा टेका. पुढे काळा घोडा, तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट. पण ती अकराला उघडते, लवकर जाऊ नका. मग ओव्हल मैदान, माझी सगळ्यात आवडती जागा! एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोर आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारतींची रांग. २०१८ साली या दोन्ही बाजूंच्या इमारतींना मिळून जागतिक वारसा दर्जा मिळाला. तिथून चालत मरीन ड्राइव्ह, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी.

दुसऱ्या दिवशी गांधीजी मुंबईत जिथे राहायचे ते गावदेवीचं मणिभवन आणि वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव पुरे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- सकाळी आठ ते अकरा सामान घेऊन लोकलमध्ये चढणं. दुपारी चढा, सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून आहे.
- रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) न बघता निघणं.
- पाण्याची बाटली घरी विसरणं.

घारापुरी, कान्हेरीची लेणी पुढच्या खेपेला. बिनधास्त या.