सुपात पाखडलेलं कथील

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराबद्दल काहीही वाचलं की लोखंडाच्या खाणी आणि मोठमोठ्या कंपन्याच दिसतात. त्याआधी तिथे नुसतं ओसाड रान होतं का? तिथले मूळ लोक काय करायचे?

उत्तर : ओसाड अजिबात नव्हतं. लोखंडाच्या खनिजाची निर्यातबंदी सैल झाली १९६० मध्ये आणि मोठ्या खाणी त्यानंतरच्या, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे मेंढ्यांची अवाढव्य कुरणं होती, तिकडे त्यांना स्टेशन म्हणतात, आणि ती चालायची अबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या जिवावर. मेंढ्या राखायच्या, कुंपणं दुरुस्त करायची, मालकाच्या घरची धुणीभांडी, आणि बदल्यात बऱ्याच ठिकाणी पीठ, चहा, साखर, तंबाखू. रोख पगार नाहीच किंवा नावापुरता.

मग १ मे १९४६ ला किमान ८०० जणांनी काम सोडलं. ठरलं होतं १९४२ मध्येच, स्कल स्प्रिंग्सला मोठी सभा भरली तेव्हा, पण महायुद्ध संपेपर्यंत थांबले. आता बघा, स्टेशनं एकमेकांपासून लांबच लांब, बहुतेकांना लिहितावाचता येत नाही, मग सगळे एकाच दिवशी उठणार कसे? त्यांच्यातलेच एक पुढारी डूली बिनबिन यांनी खुणांची साधी कॅलेंडरं पोचवली, रोज एक दिवस खोडायचा आणि खुणा संपल्या की निघायचं. मला तर हे वाचून अंगावर काटा आला. डूली आणि दुसरे पुढारी क्लॅन्सी मॅकेना दोघांना तुरुंगात टाकलं, त्यांचा गोरा साथीदार डॉन मॅक्लाउड यालाही पकडलं, तरी लोक १९४९ पर्यंत हटले नाहीत.

खायचं काय तीन वर्षं? इथेच खाणकाम येतं. बायका पूर्वापार यांडी नावाच्या लांबट उथळ पात्रात रानातल्या बिया पाखडायच्या, अगदी आपल्या सुपासारखं, हात असा हलवायचा की कोंडा एकीकडे आणि बी एकीकडे. तीच कला त्यांनी मार्बल बार गावाजवळच्या मूलियेलाला वाळूवर वापरली, यांडी आता पत्र्याची, हलकी वाळू बाजूला सरकते आणि जड काळे कथलाचे दाणे मागे उरतात. पाणी लागत नाही, मशीन लागत नाही, त्या कोरड्या मुलखात यापेक्षा सोयीचं काय असणार.

संपानंतर बरेच जण मालकांकडे परतलेच नाहीत, एकत्र खाणकाम करत राहिले, आणि पुढे त्याच कमाईतून यांडेयारा नावाचं आख्खं स्टेशन त्यांनी स्वतः विकत घेतलं.