ठाणे–बेलापूर एका गिअरवर : चढाआधी उताराचा हिशेब

तुम्ही विचारले आहे की, ठाण्याच्या वसंत विहारहून बेलापूरच्या कचेरीपर्यंत रोज ये-जा करण्यासाठी सिंगल स्पीड (एकच गिअर, पण पाय थांबवता येतात) घ्यावी की फिक्स्ड गिअर (चाकाबरोबर पॅडल फिरतच राहतात), दुकानदार देतो आहे ती पुढच्या चक्राला ४६ आणि मागच्याला १६ दात्यांची जोडी चालेल का, आणि रविवारी त्याच सायकलवर ठाण्यातला येऊरचा डोंगर चढता येईल का. प्रश्नात ‘नवी मुंबई सपाट, म्हणून जड गिअर चालेल, ठाण्यात डोंगर, म्हणून तिथेच काय तो त्रास’ असे एक गृहीत दिसते. मी ऐरोलीत राहते, गेली अकरा वर्षे एका गिअरची सायकल चालवते, आणि सुरुवातीला माझाही असाच समज होता. म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

नकाशावर पाहिले तर पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामधली ही पट्टी सपाटच आहे. पण ठाणे–बेलापूर रस्त्यावर सायकलस्वाराला लागणारे चढ डोंगराने केलेले नाहीत, ते बांधकाम खात्यांनी केलेले आहेत. कळव्याचा पूल, विटाव्याला रेल्वेखालून जाणारा खोलगट रस्ता, घणसोली–तळवलीचा उड्डाणपूल, पुढे तुर्भ्याच्या बाजूचे पूल, आणि यांच्या अधूनमधून सिग्नल. प्रत्येक पूल लहान आहे, परंतु त्याच्या पायथ्याशी आपण पुरेशा वेगात असूच याची खात्री नसते. पुढे बस थांबलेली असते किंवा रिक्षा अचानक डावीकडे वळते, आणि मग शून्यातून चढ सुरू करावा लागतो. गिअरची सायकल असती तर दोन खटके खाली आलो असतो. एका गिअरवर तेवढे ओझे गुडघ्यावर येते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा असतो आणि ठाण्याहून बेलापूरला जाताना आपण साधारण दक्षिणेकडे जात असतो, म्हणजे सकाळी ताजेतवाने असताना तो तिरपा समोरून येतो आणि संध्याकाळी घरी परतताना थोडी मदत करतो. हे तुमच्या वाट्याचे सुख समजा. पाम बीच रस्त्यावर खाडी उघडी असल्यामुळे वारा जास्त जाणवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे समोरचा वारा हा न संपणाऱ्या चढासारखा असतो, आणि चढाला निदान माथा असतो. नेदरलँड्ससारख्या सपाट देशातही सायकलस्वारांना छळतो तो वाराच.

आता दात्यांचा हिशेब. साधारण २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरच्या ७०० आकाराच्या चाकाचा परीघ सुमारे २.१३ मीटर धरला, तर ४६ आणि १६ दात्यांवर पॅडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल सुमारे ६.१ मीटर पुढे जाते. ४४ आणि १८ वर सुमारे ५.२ मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर पहिल्या जोडीवर ३३ आणि दुसरीवर २८ किलोमीटरचा वेग मिळतो. दुकानदार तुम्हाला हा पहिला आकडा दाखवून भुलवील. परंतु कचेरीच्या वेळी या रस्त्यावर मोकळा पट्टा मिळाला तरी वेग २४ च्या आसपास राहतो. त्या वेगाला ४६–१६ वर पाय मिनिटाला ६५ फेऱ्यांनी रेटत बसतात, तर ४४–१८ वर ७७ फेऱ्यांनी हलके फिरतात. दोन महिन्यांनी गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागते ते या फरकामुळे. माझे दुखले होते, आणि मी सहा आठवडे लोकलने गेले. म्हणून तुम्हाला ४४–१८ घ्यायला सांगेन. १८ दात्यांचे सिंगल फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारे मागचे दातेरी चक्र, साध्या सायकलींच्या दुकानातही मिळते, हा आणखी एक फायदा.

येऊरचा प्रश्न याच हिशेबाने सुटतो. चढावर वेग ताशी १० किलोमीटरवर आला की ४४–१८ वर मिनिटाला जेमतेम ३२ फेऱ्या होतात. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असलेल्या गिअरच्या सायकलवर त्याच वेगाला ६४ होतात. ताकद दोघांनाही सारखीच लागते, पण तुम्हाला ती निम्म्या फेऱ्यांत, म्हणजे प्रत्येक वेळी दुप्पट जोराने, लावावी लागते. बसून हे होत नाही. सीटवरून उठून, हँडल घट्ट ओढत, अंगाचे वजन आळीपाळीने पॅडलवर टाकत चढावे लागते. चढता येते, यात शंका नाही. मी उपवनच्या बाजूने वनखात्याच्या चेकपोस्टपासून वरच्या गावापर्यंत न उतरता अनेकदा गेले आहे. फिक्स्डवर तर थोडे सोपेच वाटते, कारण पॅडल अगदी वर असताना पायाचा जोर लागत नाही, त्या बिंदूवरून फिरते चाकच पायाला ढकलून नेते.

फिक्स्डची खरी परीक्षा उतरताना होते, आणि तुमच्या प्रश्नात उताराचा उल्लेखच नाही. फ्रीव्हीलवर पाय स्थिर ठेवून दोन्ही ब्रेक धरून निवांत उतरता येते. फिक्स्डवर चाक फिरते तोवर पॅडल फिरतात, म्हणजे पायही फिरतात. थांबायची मुभा नाही. तिसऱ्या वर्षी एकदा येऊरहून उतरताना, तेव्हा माझ्याकडे ४४–१७ होती, मीटरवर ४३ दिसले. याचा अर्थ मिनिटाला १३० फेऱ्या. मी बुडावर उसळत होते, आणि एका वळणाआधीच्या खड्ड्यात उजवा पाय पॅडलच्या पट्ट्यातून निसटला. मोकळे पॅडल रिकामे गरगरत नडगीवर तीनदा बसले. पाय लांब धरून, फक्त पुढच्या ब्रेकवर, हळूहळू वेग मारत मी कडेच्या मातीत थांबले. नडगीवरची खूण अजून आहे. पुढचा ब्रेक नसता तर आज हे उत्तर लिहायला मी नसते, किंवा निदान नडगी नसती.

म्हणून कुणी कितीही सांगितले तरी ब्रेकशिवाय फिक्स्ड चालवू नका. ब्रेक नसलेली सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर शोभते, कारण तिथे समोरून कुणी येत नाही. पायाने चाक रोखून घसरत थांबण्याचे जे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, त्यांत अडवले जाते ते मागचे चाक. थांबताना वजन पुढे झुकते आणि मागच्या चाकाची पकड नेमकी तेव्हाच कमी होते. त्यात टायरही झिजतो, आणि तो कुठे झिजतो हे दात्यांवर ठरते. ४८–१६ घेतली तर गुणोत्तर नेमके ३ होते, एकाच पायाने रोखत गेल्यास टायर दर वेळी त्याच एका जागी घासतो आणि तिथे लवकर भोक पडते. ४४–१७ वर हीच झीज १७ जागी वाटली जाते.

गतिरोधकांचेही सांगायला हवे, कारण ते दोन्ही शहरांत मुबलक आहेत. फ्रीव्हीलवर पॅडल आडवे धरून उभे राहायचे आणि पार व्हायचे. फिक्स्डवर पाय फिरत असतानाच किंचित उठून जावे लागते, आणि वळणावर आतले पॅडल जमिनीला टेकण्याचा धोका असतो. त्यामुळे क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, आखूड, १६५ मिलिमीटरचा घ्यावा.

तुमच्यासाठी मधला मार्ग आहे: मागच्या चाकाला फ्लिप-फ्लॉप हब, म्हणजे दोन्ही बाजूंना दातेरी चक्र बसणारा चाकाचा मधला भाग. एका बाजूला १८ दात्यांचे फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला १७ चे फिक्स्ड. चाक काढून उलटे बसवले की सायकल बदलते. युक्ती जुनीच आहे. तूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) परवानगी नव्हती, तेव्हा शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक असेच फिरवून बसवीत. फिक्स्डच्या बाजूला लॉकरिंग, म्हणजे चक्र सुटू न देणारी कडी, आहे याची खात्री करा. तिचे आटे उलटे असतात, आणि अनोळखी मेकॅनिक नेहमीच्या दिशेने पिळून ते खराब करतो. माझ्या एका हबचे तसेच झाले. चेन मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर हलावी. सैल राहून उतरली तर फिक्स्डवर मागचे चाक जागीच जाम होते.

पहिले दोन महिने कचेरीला फ्रीव्हीलच्या बाजूनेच जा. फिक्स्डची सवय पाम बीचवर रविवारी पहाटे, वाहने सुरू होण्याआधी करा, आणि येऊरला ती बाजू लावून जायचे असेलच तर चढून वर चहा घ्या, चाक फिरवा आणि फ्रीव्हीलवर उतरा. त्यासाठी १५ मिलिमीटरचा पाना सीटखालच्या पिशवीत ठेवा.