कोरड्या नळाचे तर्कशास्त्र : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

विधानांच्या तर्कशास्त्राविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण उरलेल्या दोन पत्रांतील अडचणींचे मूळही त्याच प्रश्नात आहे.

पत्र पहिले. “माझी नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून तिला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हा विषय आहे. मध्यंतरी एके सकाळी आमच्या नळाला पाणी आले नाही, तेव्हा मी म्हणालो, ‘जलूदचे (इंदूरला नर्मदेचे पाणी पुरवणाऱ्या केंद्राचे) पंप बंद असले तर आपल्या नळाला पाणी येत नाही. आज पाणी आलेले नाही. म्हणजे पंप बंद आहेत.’ त्यावर ती म्हणाली, ‘आजोबा, हे अनुमान वैध नाही.’ दुसऱ्या दिवशी कळले की दुरुस्तीसाठी पंप खरोखरच बंद ठेवले होते. तरीही ती आपला हेका सोडत नाही. निष्कर्ष खरा निघाल्यावर अनुमान चुकीचे कसे राहते?” – एक निवृत्त वाचक, राजेंद्रनगर, इंदूर.

आपल्या नातीचे म्हणणे बरोबर आहे, आणि आपला निष्कर्षही खरा होता. या दोन गोष्टींत विरोध नाही. खरे किंवा खोटे असते ते विधान, तर वैध किंवा अवैध असते ते अनुमान, म्हणजे आधारविधानांपासून निष्कर्षापर्यंत जाण्याची वाट. आपण योग्य ठिकाणी पोहोचलात, पण ज्या वाटेने गेलात ती वाट दर वेळी तिथेच नेईल याची हमी नव्हती. वैध अनुमानात हमी असते ती एवढीच की आधारविधाने सर्व खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही.

हे तपासण्याची रीत अगदी यांत्रिक आहे. ‘पंप बंद आहेत’ या विधानाला प म्हणू आणि ‘नळ कोरडा आहे’ या विधानाला न. प्रत्येक विधान एक तर खरे असेल किंवा खोटे, म्हणून दोघांचे मिळून चारच प्रकार संभवतात: दोन्ही खरी; प खरे आणि न खोटे; प खोटे आणि न खरे; दोन्ही खोटी. आपली आधारविधाने दोन आहेत, ‘जर प तर न’ आणि ‘न’. ज्या प्रकारांत न खोटे आहे ते दुसऱ्या आधारविधानामुळेच बाद होतात. उरतात दोन. दोन्ही खरी असतील तर सगळे आपल्या म्हणण्याप्रमाणे आहे आणि त्या सकाळी प्रत्यक्षात तसेच होते. परंतु प खोटे आणि न खरे हाही प्रकार शिल्लक आहे: पंप चालू आहेत, पण गल्लीतला व्हॉल्व्ह कोणी उघडलेलाच नाही. या प्रकारात आपली दोन्ही आधारविधाने खरी राहतात, कारण ‘पंप बंद असले तर पाणी येत नाही’ हे वाक्य पंप चालू असताना काय होते याबद्दल काहीच सांगत नाही, आणि निष्कर्ष मात्र खोटा ठरतो. असा एक प्रकार सापडला की अनुमान अवैध झाले; दुसरा शोधावा लागत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी काय घडले हा प्रश्नच या तपासणीत येत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या बातमीने नातीचे मत बदलले नाही.

जर-तर विधानात ‘जर’नंतर येते ते पूर्वांग आणि ‘तर’नंतर येते ते उत्तरांग. आपल्याकडून झालेल्या चुकीला उत्तरांगाच्या स्वीकारावरून पूर्वांग मान्य करण्याचा दोष म्हणतात. त्याच आधारविधानावरून दोन वैध अनुमाने मात्र निघतात. पंप बंद असल्याचे कळले तर नळ कोरडा असणार, हे एक. याला मोडस पोनेन्स म्हणतात. नळाला पाणी आले असेल तर पंप बंद नाहीत, हे दुसरे. याला मोडस टोलेन्स म्हणतात. यावर आपण म्हणाल की पंप बंद पडले तरी वस्तीच्या उंच टाकीत साठलेले पाणी काही वेळ येऊ शकते, मग दुसरे अनुमान फसेल. हरकत रास्त आहे, पण ती अनुमानावरची नसून आधारविधानावरची आहे. टाकीत पाणी असताना ‘पंप बंद असले तर पाणी येत नाही’ हे विधानच खोटे असते. अनुमान वैध आहे आणि आधारविधान खोटे आहे, ही परिस्थिती जशी संभवते तशीच आपल्या पत्रातली, सर्व विधाने खरी पण अनुमान अवैध, हीही संभवते. वादात समोरच्याचे कुठे चुकते आहे ते सांगताना या दोहोंपैकी कोणती चूक आहे हे आधी ठरवावे. माझ्या पाहण्यात बहुतेक वाद केवळ एवढे न केल्यामुळे लांबतात.

हा दोष आपल्या नैयायिकांनाही, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या तर्कपंडितांनाही, चांगला ठाऊक होता. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे त्यांचे प्रसिद्ध अनुमान सर्वांनी ऐकलेले असते. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे उलटे अनुमान त्यांनी सदोष ठरवले हे फारसे सांगितले जात नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो; धूर हवा असेल तर ओल्या सरपणाची जोड लागते. आपल्या गल्लीतला बंद व्हॉल्व्ह आणि त्यांचा लोखंडाचा गोळा एकच काम करतात. मात्र या साम्यावरून न्यायदर्शनात विधानांचे आधुनिक तर्कशास्त्र आधीच होते असे म्हणणे मला पटत नाही. नैयायिकांना धूर आणि अग्नी यांचे साहचर्य प्रत्यक्षात अबाधित आहे की नाही याची चिंता होती. आज शिकवले जाणारे शास्त्र विधानांच्या मजकुराकडे पाहतच नाही, केवळ त्यांच्या रचनेकडे पाहते.

एक गोष्ट आपल्या बाजूने सांगतो. कोरडा नळ पाहून पंपांवर संशय घेणे अवैध असले तरी मूर्खपणाचे नाही. डॉक्टर लक्षणांवरून रोग ओळखतात तेव्हा तेही उत्तरांगाकडून पूर्वांगाकडेच येत असतात. फरक एवढाच की ते त्याला निदान म्हणतात आणि तपासणी करून घेतात. आपण ‘म्हणजे पंप बंद आहेत’ याऐवजी ‘पंप बंद असावेत’ म्हटले असते, तर नातीला बोलायला जागा उरली नसती.

पत्र दुसरे. “पूर्वांग खोटे असले की जर-तर विधान खरेच मानायचे, असे वर्गात सांगितले. ‘दोन आणि दोन पाच असतील तर इंदूर समुद्रकाठी आहे’ हे विधान खरे कसे? पाठ केले आहे, पण पटत नाही.” – बीसीएचा विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर.

याचे नेहमीचे उत्तर वचनाच्या उदाहरणाने देतात. वडील म्हणाले, “रविवारी पाऊस नसला तर पाताळपाणीला जाऊ.” रविवारी पाऊस पडला. मग ते घरी बसोत वा भिजत धबधबा पाहायला जावोत, त्यांनी वचन मोडले असे कोणी म्हणणार नाही. पाऊस नसूनही ते गेले नाहीत तरच वचन मोडले. हे उदाहरण सोयीचे आहे, पण ‘वचन मोडले नाही’ आणि ‘विधान खरे आहे’ यांत फट राहते आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला ती बरोबर दिसते. मला पटणारे कारण गणितातले आहे. ‘एखाद्या संख्येला ४ ने भाग जात असेल, तर तिला २ ने भाग जातो’ हा नियम सर्व संख्यांबद्दल खरा आहे, यात तुम्हाला शंका नसावी. आता त्यात ८ घाला: दोन्ही भाग खरे. ६ घाला: पूर्वांग खोटे, उत्तरांग खरे. ७ घाला: दोन्ही खोटे. नियम सर्व संख्यांना लागू असेल तर ६ आणि ७ यांच्याबाबतही तो खराच ठेवावा लागेल. सातामुळे नियम मोडला असे म्हणणे विचित्र होईल. म्हणजे सत्यता सारणीतील, खऱ्या-खोट्याचे सर्व प्रकार ओळीने मांडणाऱ्या तक्त्यातील, तीन ओळी ‘खरे’ झाल्या. चौथी ओळ, पूर्वांग खरे आणि उत्तरांग खोटे, अशी एकही संख्या सापडणार नाही, आणि सापडली असती तर नियमच पडला असता. तुमचे समुद्रकाठचे वाक्य विचित्र वाटते ते त्याच्या दोन भागांत काही संबंध नसल्यामुळे. आणि संबंध आहे की नाही हे मोजण्याचे काम या ‘जर-तर’कडे सोपवलेलेच नाही.

तुमची तक्रार जुनी आहे, याचा आनंद वाटावा. हीच व्याख्या इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास मेगारा या ग्रीक तत्त्वज्ञ-पंथाच्या फिलोने मांडली होती आणि तिच्यावरून त्याचे आपल्या गुरूशी, डायोडोरस क्रोनसशी, मतभेद झाले. पुढे हा वाद इतका माजला की कॅलिमाकस या कवीने, छपरावरचे कावळेसुद्धा कोणते जर-तर खरे यावरच काव काव करीत आहेत, अशी थट्टा केली.

परीक्षेत गुण जातात ते मात्र या व्याख्येमुळे नव्हे, तर मराठीतील ‘च’मुळे आणि ‘तरी’मुळे. ‘ओळखपत्र असेल तर परीक्षेला बसता येईल’ आणि ‘ओळखपत्र असेल तरच परीक्षेला बसता येईल’ यांत ‘जर’कडून ‘तर’कडे जाणाऱ्या बाणाची दिशा उलटते: पहिल्यात ओळखपत्रावरून बसता येणे निघते, दुसऱ्यात परीक्षेला बसलेल्याकडे ओळखपत्र आहे एवढेच निघते. फी न भरलेल्याला ओळखपत्र असूनही बाहेर उभे केले, तर पहिले विधान खोटे ठरते, दुसरे नाही. ‘पाऊस पडला तरी जाऊ’ हे तर बोलण्यात जर-तर विधानच नाही. त्यात जाण्याचे आश्वासन बिनशर्त दिले आहे.

पत्र तिसरे. “सत्यता सारणीने कोणतेही अनुमान तपासता येते, तर अनुमानाचे नियम वेगळे शिकवण्याचे प्रयोजन काय?” – एक शिक्षिका, इंदूर.

प्रयोजन सारणीच्या लांबीत आहे. प्रत्येक नव्या साध्या विधानाबरोबर ओळींची संख्या दुप्पट होते. ४ विधानांना १६ ओळी पुरतात, २० विधानांना १०,४८,५७६ लागतात आणि ३० विधानांना १०७ कोटींहून अधिक. याउलट नियमांनी जाणारी वाट पुष्कळदा अगदी आखूड असते. समजा, मामा ग्वाल्हेरहून रेल्वेने किंवा बसने निघाले आहेत. रेल्वेने निघाले तर ते आधी फोन करतात. बसने निघाले तर ते सरवटे स्थानकावर उतरतात. फोन आलेला नाही. फोन नाही, म्हणून रेल्वेने निघालेले नाहीत, ही मोडस टोलेन्सची पायरी. रेल्वे किंवा बस यांपैकी रेल्वे गेली, म्हणून बस, ही विकल्प वगळण्याची पायरी. बस, म्हणून सरवटे, हे मोडस पोनेन्स. सोळा ओळींचे काम तीन ओळींत झाले, आणि सारणी जे सांगत नाही तेही कळले, म्हणजे निष्कर्ष कोणत्या आधारविधानातून कसा निघाला. मधली पायरी तर कुत्र्यालाही जमते असे स्टोइक पंथाच्या क्रिसिपस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचे म्हणणे असल्याचे सांगतात: सावजाचा माग काढणारा कुत्रा तिठ्यावर येतो, दोन वाटा हुंगतो, तिथे वास नसला की तिसरी न हुंगताच तिच्यावर धावत सुटतो.

तरी नियम सारणीपेक्षा नेहमीच जलद, असे विद्यार्थ्यांना सांगू नये. कोणता नियम कुठे लावायचा हे शोधण्यात वेळ जातो, आणि अनुमान अवैध असेल तर नियमांनी कितीही खटपट केली तरी ‘जमत नाही’ एवढेच हाती लागते. ते अवैध आहे हे दाखवायला शेवटी आधारविधाने खरी आणि निष्कर्ष खोटा असलेली ती एक ओळच लागते. अशी ओळ सर्व प्रकरणांत झटपट शोधण्याची रीत आहे की नाही, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ स्टीफन कुक यांच्या १९७१ च्या शोधनिबंधापासून संगणकशास्त्रातील सर्वांत कठीण प्रश्नांत गणला जातो आणि अद्याप सुटलेला नाही. वर्गात मी आधी दोन मिनिटे ती ओळ शोधायला लावीत असे, आणि ती सापडली नाही की मगच नियमांकडे वळू देत असे.