रुफस आणि ॲलन्स हमिंगबर्ड यांतला फरक कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न असा: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये मागच्या अंगणातल्या फीडरवर (पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवायच्या भांड्यावर) मार्चपासून एक नारिंगी हमिंगबर्ड येतोय. एका फोटोवरून ॲप त्याला रुफस म्हणतं, दुसऱ्यावरून ॲलन्स. खरं काय मानायचं?

आधी ॲनाज ही हमिंगबर्डची तिसरी जात बाजूला काढा. तो तुमच्याकडे बारा महिने असतो, पण त्याची पाठ हिरवी आणि पोट राखाडी-हिरवट असतं, नारिंगी छटा कुठेच नसते. कुशीवर किंवा शेपटीच्या मुळाशी विटकरी रंग दिसला, तर मामला उरलेल्या दोघांचाच.

कंठाच्या रंगावर वेळ घालवू नका. दोघांच्याही नरांचा कंठ निखाऱ्यासारखा लालभडक चमकतो आणि उन्हाचा कोन चुकला की काळा दिसतो. पाठ बघा. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ सगळी किंवा जवळपास सगळी विटकरी असेल, तर तो रुफस. इथे निर्धास्तपणे नाव लिहा.

पाठ हिरवी असेल तर मात्र लगेच ॲलन्स म्हणू नका, बहुतेकांची चूक इथेच होते. रुफसच्या थोड्या प्रौढ नरांची पाठही बरीचशी हिरवी असते. शिवाय रुफसच्या कोवळ्या नरांची पाठ हिरवीच असते आणि कंठावर चार चमकदार पिसं आली की ते मोठे वाटतात. कंठ पूर्ण भरलेला नसेल, तर पाठीचा नियम लावूच नये.

मग उरते शेपटी. तिच्यात दहा पिसं असतात, म्हणजे एका बाजूला पाच. मधलं पहिलं धरून बाहेरच्या दिशेने मोजा. प्रौढ नर रुफसच्या दुसऱ्या पिसाला टोकाजवळ स्पष्ट खाच असते, ॲलन्सच्या पिसाला ती नसते. ॲलन्सचं कडेचं पाचवं पीस अगदी अरुंद असतं, रुफसचं त्याहून रुंद. पण ही तुलना नराची नराशी, मादीची मादीशी आणि पिल्लाची पिल्लाशीच करायची. मादी ॲलन्सचं पीस नर रुफसच्या पिसाइतकं रुंद भरू शकतं.

बसलेल्या पक्ष्याच्या मिटलेल्या शेपटीत यातलं काहीच दिसत नाही. फीडरची बसायची दांडी निघत असेल तर काढून ठेवा, म्हणजे पक्षी तरंगत पितो आणि तोल सांभाळताना शेपटी पसरतो. दुसऱ्याला हुसकावतानाही तो शेपटीचा पंखा उघडतो. शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, ऊन तुमच्या पाठीमागून येऊ द्या, आणि एकाच फोटोवर न थांबता सलग फोटो घ्या. फीडरमध्ये साखर एक भाग, पाणी चार भाग, बस. लाल रंग किंवा मध घालू नका.

नर हवेत करामती करत असेल तर आणखी सोपं. ॲलन्स मादीसमोर झोपाळ्यासारखा मागेपुढे मोठे हेलकावे घेतो आणि मग उंच जाऊन सूर मारतो. रुफस हे मोठे हेलकावे घेत नाही. तो तिरका सूर मारतो आणि सुराच्या शेवटी तुटक तुटक आवाज येतो.

तारीख आणि जागा हे पुरावे नव्हेत, पण शंका कुठे घ्यायची ते त्यावरून कळतं. ॲलन्स जानेवारीच्या अखेरीपासून कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीत घरटी करायला येतो. रुफस मार्च-एप्रिलमध्ये तिथून वर ओरेगॉन ते अलास्काकडे जाताना दिसतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बरेचसे डोंगरांच्या बाजूने परततात. म्हणजे तुमच्या मार्चच्या पाहुण्यासाठी दोन्ही दारं उघडी आहेत. लॉस एंजेलिस भागात मात्र ॲलन्सची एक उपजात वर्षभर राहते, त्यामुळे तिथे डिसेंबरात दिसलेला नारिंगी पक्षी बहुधा ॲलन्सच असतो. दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या सीमेवर दोघांचा संकरही होतो. तिथल्या काही पक्ष्यांना कुठलंच एक नाव नीट बसत नाही.

मादी आणि पिल्लं पसरलेल्या शेपटीच्या स्पष्ट फोटोशिवाय वेगळी करता येत नाहीत, अनुभवी निरीक्षकांनाही नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'रुफस/ॲलन्स' असा एकत्र पर्याय आहे, तोच निवडा. माझ्या मते अंदाजाने टाकलेल्या नावापेक्षा ही नोंद जास्त कामाची, कारण चुकीचं नाव नंतर कुणी दुरुस्त करेलच असं नाही.