कोणाला रोखणं सगळ्यात अवघड? आधी एवढंच बघा

फुटबॉलमध्ये कोणत्या आक्रमक खेळाडूला रोखणं सगळ्यात अवघड, हा तुमचा प्रश्न छान आहे. पण सुरुवातीला सगळेच करतात ती चूक टाळा: नुसते गोल मोजून यादी करू नका. यूट्यूबवरच्या ड्रिबलिंगच्या (बॉल पायाशी ठेवून बचावपटूंना चकवण्याच्या) तुकड्यांवर तर मुळीच जाऊ नका.

आधी बघा, 'याला धरायचं कोणी' हे बचावपटूंना ठरवता येतंय का? २ मे २००९ची रेआल माद्रिद-बार्सिलोना मॅच शोधून पाहा. बार्सिलोनाचा प्रशिक्षक ग्वार्डिओलानं मेस्सीला कडेवरून मध्ये आणलं, पण तो पुढे थांबेचना, सारखा मागे सरकायचा. माद्रिदचे मधले बचावपटू कानावारो आणि मेत्सेल्डर यांची पंचाईत! त्याच्यामागे जावं तर पाठीमागची जागा उघडी, थांबावं तर मेस्सी मोकळा. बार्सिलोना ६-२ जिंकली, तेही माद्रिदच्या मैदानात.

मग जर्मनीचा आक्रमक खेळाडू थॉमस म्युलर. ना फार वेग, ना नजाकत (नवखे हसतात त्याला), पण मोकळी जागा त्याला इतरांआधी दिसते.

नेदरलँड्सचा विंगर (कडेनं खेळणारा) रॉबेन, त्याचं उलट. उजवीकडून आत येऊन डाव्या पायानं मारणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त कधी, ते तोच ठरवायचा.

प्रेसिंग (बॉल हिसकवायला अंगावर धावून जाणं), फॉर्मेशनचे (संघाच्या मांडणीचे) आकडे सध्या राहू द्या. पुढच्या मॅचला बॉल सोडून एकाच खेळाडूकडे २० मिनिटं बघा आणि काय दिसलं ते सांगा.